मशीनला खरी तारीख हवी

चहाची किटली घेऊन टेबलाटेबलाशी थांबलं की किस्से आपसूक गोळा होतात. मरोळच्या आमच्या वर्कशॉपात नवं सॉफ्टवेअर आलं, मग तर विचारूच नका. जुन्यात जन्मतारीख म्हणजे नुसती अक्षरं, काहीही लिहा. नव्याला खरी तारीख हवी. साठ भरली की ते स्वतःच गेटचं कार्ड बंद करणार! जुन्या तारखा नव्यात भरायचं काम ऑफिसातल्या सोनलकडे आलं.

लेथवरचा किसन, माझा जुना दोस्त, तेव्हाच म्हणाला, "तात्या, मला तर तारीखच नाही रे."

*

ऑफिसातलं ते मशीन महिना आधी वाचायचं, दिवस नंतर. चार सप्टेंबरला जन्मलेल्या पाटलाला नऊ एप्रिलला कंपनीचा केक आला.

"सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"फुकटचा केक कोण परत करतं यार!"

*

सावंत पंधरा तारखेचा. पंधरावा महिना आणायचा कुठून? मशीननं जागा कोरीच सोडली.

"सावंतकाका, तुम्ही अजून जन्मलाच नाहीत," सोनल म्हणाली.

"मग नाइट कोण मारतंय, माझं भूत?"

*

आमच्यातल्या कितीतरी जणांना शाळेत गुरुजींनी सरसकट एक जून लावलेला. ते सगळे सहा जानेवारीचे झाले.

साहेब हसले, "एकाच दवाखान्यात झालात काय रे?"

साहेबांचा वाढदिवस सात जुलै. सात-सात. कसंही वाचा, बरोबरच!

*

किसनच्या नावापुढे लिहिलेलं, 'भातकापणीच्या वेळेला.' आईनं तेवढंच सांगितलेलं. आधार कार्डावर नुसतं साल. मशीन अडलं. सोनलनं मशीननंच सुचवलेली एकोणीसशे सालची एक जानेवारी तात्पुरती टाकली. "नंतर बदलू हां काका."

ते राहूनच गेलं. एका सकाळी किसनला गेट उघडेना.

"किसन, सिस्टिममध्ये तू शंभरी पार केलीस!" साहेब म्हणाले.

"मग शाल-नारळ तरी द्या, साहेब."

सगळे हसले. मी म्हणालो, "साहेब, बदला ना ते."

"पुराव्याशिवाय हात लावायचा नाही."

किसन भरलेला डबा घेऊन घरी गेला.

*

त्याचं लेथ दुसऱ्या कुणाला जमेना. साहेबांनीच निरोप धाडला, नवीन भरती म्हणून ये. किसन सोनलसमोर बसला, मी बाजूला चहा ओतत होतो.

"काका, जन्मतारीख? पूर्ण लागेल हो."

"गेटबाहेर काढलंत ना मला, त्या दिवसाची टाक."

सोनलनं तीच टाकली. स्क्रीन लाल झाली. मला वाचता येत नाही, म्हणून तिनंच हळू आवाजात वाचलं, "वय अठरापेक्षा कमी. कामावर घेता येणार नाही."