मास्तरांची घोकंपट्टी

मास्तरांनी जन्मभर लोकांना स्पॅनिश शिकवलं आणि मास्तरीणबाईंनी जन्मभर त्याला नाक मुरडलं. पुढच्या खोलीत शिकवणी, मागच्या खोलीत बाईंचं शिलाई मशीन, मधे नुसता पडदा. 'नको' म्हणायचा धडा लागला की बाईंचं डोकं उठायचं. क्रियापदाच्या शेवटी 'आर' असला तर तो उडवून 'एस' लावा, 'एर' किंवा 'इर' असला तर 'आस', आणि सुरुवातीला 'नो'. आब्लार म्हणजे बोलणं. नो आब्लेस, बोलू नकोस. कोमेर म्हणजे खाणं. नो कोमास, खाऊ नकोस. "नको सांगायला एवढा खटाटोप? मी नुसती डोळे वटारून सांगते!" बाई पडद्याआडून म्हणायच्या आणि मुलं फिदीफिदी हसायची.

मग मास्तरांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, बायकोचं नावसुद्धा गेलं. उरली काय, तर मेली घोकंपट्टी! बाईंनी "आब्लार" म्हटलं की तोंडातून "नो आब्लेस" बाहेर पडायचं. बाईंनी तेवढंच घट्ट धरलं. चष्मा लावून, पुस्तक मांडीवर घेऊन त्या सकाळ-संध्याकाळ एकेक क्रियापद द्यायला लागल्या. वाचा शिकवायला येणारी डॉक्टरीण मात्र म्हणाली, "काकू, हे पाठांतर आहे. मनातलं काही स्वतःहून बोलले तर उपचारांना अर्थ. नाहीतर अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवलेलं बरं."

बाई तरी काय करणार? मास्तरांना उचलताना दोनदा दोघंही जमिनीवर आडवी झालेली. कंबर कामातून गेलेली. मूल ना बाळ. एकदा तर त्या ओरडल्याच, "अहो, माझं नाव घ्या! ते जमत नसेल तर शिवी तरी द्या!"

"नो कोमास," मास्तर म्हणाले.

शेवटी संस्थेचा कारकून मास्तरांना तिथे ठेवायचा कागद घेऊन घरी आला. पलंगाच्या कडेला बसून बाईंनी पेन उघडलं.

"नो फिर्मेस," मास्तर म्हणाले.

"हो हो, शाबास," बाईंनी वर न बघता सही ठोकली.

"नो फिर्मेस!" आवाज चढला. डावा हात चादर ओढायला लागला. "नो फिर्मेस!"

बाई थबकल्या. आज त्यांनी एकही क्रियापद दिलं नव्हतं. आणि हे तर त्यांनी कधीच दिलं नव्हतं. त्यांनी पुस्तक उघडलं. 'एस' आलाय म्हणजे मूळचा 'आर'. फिर्मार. बोट पानावरून खाली सरकत थांबलं: सही करणं.

म्हणजे माणूस आत होता. इतके दिवस सगळं ऐकत होता.

"द्या तो कागद इकडे."

"काकू, सही झालीय हो."

"झाली ना? मग बघा!" बाईंनी कागद हिसकावला आणि टराटरा फाडला.

"मला काही कळलं नाही ते काय बोलले," कारकून म्हणाला. "डॉक्टरीणबाईंना तरी पटेल का?"

"अहो, म्हणा ना परत. यांच्यासमोर एकदाच म्हणा!" बाई रडकुंडीला आल्या. मास्तर नुसते बघत राहिले. तोंड हललं, शब्द आला नाही.

कारकून गेला. बाईंनी कमरेचा पट्टा आवळला, मास्तरांच्या काखेत हात घातले आणि म्हणाल्या, "चला, उठा." पहिल्या खेपेला ते जागचे हललेही नाहीत.