टीव्हीचा आवाज आणि मामींची वीणा

तंजावरच्या मराठी दरबारापासून आजतागायत आमच्या घराण्यात स्वराशी कुणी लबाडी केलेली नाही, असं मामी प्रत्येक नव्या माणसाला सांगत. नवं माणूस आदराने मान झुकवतं न झुकवतं तोच त्या वीणा मांडीवर घेत आणि व्हिडिओ गेमचं संगीत वाजवायला लागत.

मी पुण्याहून चेन्नईजवळच्या सिरुसेरीतल्या नोकरीसाठी आलो आणि शहरात तिरुवल्लिकेणीत मामींच्या घरी वरच्या खोलीत भाडेकरू झालो. अख्खी गल्ली त्यांना वीणामामी म्हणे. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "तुम्ही असका वेळ वर्तमानपत्रासारखं बोलता पा," त्या म्हणत. "हिंगे बैस, कॉफी घे, मग माणसासारखं बोल." त्यांच्या तंजावरी मराठीत असका म्हणजे सगळा आणि हिंगे म्हणजे इथे.

वीणेचे पडदे काळ्या मेणात बसवलेले असतात. चेन्नईच्या उकाड्यात ते मेण ढिलं पडे आणि मामी ते स्वतःच्या अंगठ्याने दाबून पुन्हा घट्ट करत. मेणाचा गोळा कायम हाताशी असल्यामुळे घरातल्या इतर दुरुस्त्याही त्यानेच होत. बादलीची चीर, चष्म्याची काडी, माझ्या चार्जरची सोललेली वायर, सगळ्यांना त्यांनी मेण लावलं होतं. माझा चार्जर त्यानंतर आठवडाभर देवळासारखा वास मारत होता.

त्या खेळाची हकिकत अशी. त्यांचा मुलगा रघू शाळेत असताना वडिलांनी त्याला गेम आणून दिला. एक चिमुकला शिपाई उड्या मारत खड्डे ओलांडतो आणि मागे तेच ते चार ओळींचं संगीत वाजत राहतं. वीणेच्या खोलीतला जुना छोटा टीव्ही रघूच्या ताब्यात गेला. तो शाळेतून आला की थेट टीव्हीपुढे. वीणेला हात लावत नसे. मग एके दिवशी त्या टीव्हीचा आवाजच गेला. रघूने रडून घर डोक्यावर घेतलं. मामी म्हणाल्या, "रडू नको रे कण्णा. मी वाजवते, तू खेळ."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मुका शिपाई पडद्यावर धावे आणि संगीत मामींच्या वीणेतून येई. उडीला मामी वीणेच्या बाजूच्या तारा छेडत. फक्त एका बाबतीत त्या अडून बसत. शिपाई खड्ड्यात पडला तरी आवर्तन अर्धवट सोडायचं नाही. रघू हात जोडून थांबे, मामी शांतपणे समेवर येत, आणि मगच नवा डाव सुरू होई. पुढे हॉस्टेलमध्ये त्याने मित्राच्या टीव्हीवर तोच खेळ आवाजासकट पाहिला आणि त्याला सांगितलं, तुझा सेट बिघडलाय, ह्याच्यात गमक नाही. हा प्रसंग मामी पुरस्कार मिळाल्यासारखा सांगत.

रघू पुढे कॅनडात स्थिरावला. दर रविवारी त्याचा फोन येई आणि त्यात मुख्यतः आईच्या गोळ्यांची चौकशी असे. मामींची बोटं आखडायला लागली तेव्हा तो त्यांना न्यायला आला. सामान त्याने भराभर दोन ढिगांत वाटलं. वीणा न्यायच्या ढिगात नव्हती.

"अम्मा, एवढी मोठी वीणा तिंगे कुठे ठेवायची? तुझ्या विद्यार्थिनीला देऊन टाकू."

"सेरी," मामी म्हणाल्या. म्हणजे ठीक आहे. एरवी गल्लीतल्या स्कूटरच्या हॉर्नवरही तासभर भांडणाऱ्या बाईंचं हे एका शब्दात आवरणं मला आवडलं नाही. रघू आत गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "त्याला आठवत असेल का रे ते?"

संध्याकाळी मी लॅपटॉपवर तो जुना खेळ उतरवून घेतला आणि रघूपुढे ठेवला. "काय हे, वेळ नाही पा," म्हणत तो उभ्याउभ्याच खेळू लागला. स्पीकरमधून मूळ संगीत सुरू झालं, टिंवटिंव, घाईघाईचं. दोन ओळी झाल्या आणि रघूच्या कपाळाला आठी पडली.

"आवाज बंद कर," तो मला म्हणाला. "हे चुकीचं आहे."

मी आवाज बंद केला. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि आईकडे न बघता म्हणाला, "अम्मा, वाजव की."

मामींनी वीणा घेतली. लय पहिल्यापेक्षा बरीच संथ होती आणि दोन जागी बोट पोचलं नाही. शिपाई तिसऱ्याच खड्ड्यात पडला. चाळिशी ओलांडलेला तो इंजिनिअर हात जोडून बसून राहिला आणि मामी समेवर आल्या, तेव्हाच त्याने पुन्हा बटणाला हात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेप घेऊन वीणेची लांबी मोजत होता. पेटी बनवायला सुताराला बोलावलं होतं.

मायलेकरं निघाली त्या दिवशी मामींनी मेणाचा उरलेला गोळा माझ्या हातात दिला. "चार्जर जपून वापर," एवढंच म्हणाल्या. टॅक्सी वळून दिसेनाशी झाली तरी मी फाटकात उभा होतो, आणि मनात तंजावर, दरबार, परंपरा असं बरंच काही दाटून आलं होतं.

तेवढ्यात भंगारवाला आला. त्याने वीणेच्या खोलीतला तो जुना मुका टीव्ही उचलण्याआधी मागचं झाकण काढलं आणि आत काय शिल्लक आहे ते मला दाखवलं. सगळं शाबूत होतं. फक्त स्पीकरची वायर सफाईने कापलेली होती आणि तिच्या दोन्ही टोकांना काळं मेण लावलेलं होतं.