पुराच्या बोटीचा दाब

भित्रेपणात माझा हात कोणी धरणार नाही. स्टोव्ह पेटवतानासुद्धा मी मान मागे करते. अशा बाईला नवऱ्याने इंजिनाच्या कामाला जुंपलं, ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गोदावरी चढली तेव्हा.

आम्ही अंबड तालुक्यात, नदीकाठच्या गावात राहत होतो. हे शेतावरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे. पलीकडची वस्ती पाण्याने वेढली आणि मच्छीमारांनी आपल्या बोटीची पेट्रोलवरची मोटार आमच्या दारात आणून टाकली. ती उन्हाळाभर बंद होती. गावात रीत अशी, की ज्याने बोटीची मोटार खोलली त्यानेच पहिल्या फेरीला बसायचं. मग कोणी काम कसंबसं उरकून टाकत नाही. पण हे मूळचे भोकरदनकडचे, पोहायला कधी शिकलेच नाहीत. मोटार भर पुरात बंद पडेल आणि हे परत येणार नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

आधी दोन्ही सिलिंडरांचा दाब बघायचा होता; दाब नसेल तर मोटार बोट ओढत नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते, तीच सवय यांच्या हाताला. ठिणगीचे प्लग काढले, त्यांच्या वायरी तशाच लोंबत सोडल्या आणि मोटार फिरवायची दोरी ओढली. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडाला, वायरीच्या टोकाशी निळं काहीतरी चमकलं आणि भप्पकन जाळ झाला. मी किंचाळतच ओलं पोतं टाकलं. यांच्या भुवया गेल्या, बाकी निभावलं.

"अवं, सांगा की त्यांला, जमत न्हाई म्हून."

"लोकं पाण्यात हायत. वायरी बांधू, मंग बघू."

मग पेट्रोलचा डबा लांब नेला, सांडलेलं पुसून वाळू दिलं. ठिणगी बंद करणारी लाल क्लिप ओढून काढली, वायरींची टोकं मोटारीच्या उघड्या धातूला घट्ट जोडली. दाब मोजायचं मीटर जालन्याच्या एका गॅरेजातून मागून आणलेलं, रबरी टोकाचं. एकाने ते भोकावर दाबून धरायचं, दुसऱ्याने रेस पूर्ण उघडून दोरी ओढायची. धरणारी मी. दोरी ओढताना यांना सुई दिसत नव्हती.

पहिल्या सिलिंडरला सुई झटक्याझटक्याने वर चढली. दुसऱ्यालाही तिथवरच. म्हणजे मोटार ठणठणीत. सुई खाली राहिली असती तर यांना कोणी बोटीत बसवलं नसतं. मोटार चांगली निघाली, म्हणजे आता यांना जावं लागणार. खोटं बोलावंसं वाटलं. पण पलीकडे बायका लेकरं घेऊन छपरांवर बसल्या होत्या.

"बराबर हाय. दोन्ही बी," मी म्हणाले.

यांनी दोरी हातातून सोडली नाही. मग म्हणाले, "पुन्हा बघ."

पुन्हा दोरी ओढली. सुई तिथंच.

"मीटर नीट दाबलं का? आजून एकडाव बघ."

मी मान वर केली. जळक्या भुवयांखालचे यांचे डोळे पार घाबरलेले होते. ती सुई खाली यावी म्हणून आम्ही दोघंही वाट बघत होतो.

मी मीटर बाजूला ठेवलं आणि प्लग यांच्या हातात दिले.

हे माणसं घेऊन परत आले. आजही कोणी आलं की ती फेरी रंगवून रंगवून सांगतात. "पुन्हा बघ" एवढं मात्र गाळतात. मी चहा आणून ठेवते आणि मध्ये काही बोलत नाही.