अर्ध्या भाकरीचे दोन राज्यमंत्री

घोडेगावाहून भीमाशंकरला जाताना तळेघरच्या अलीकडे एक फाटा लागतो. वाडीची पायवाट तिथूनच खाली उतरते. नव्वदच्या दशकात लंकाबाईनं या फाट्यावर छप्पर घातलं आणि नाचणीची भाकर, हुलग्याचं पिठलं आणि चहा विकायला सुरुवात केली. नवरा सावळेराम भाताची खाचरं बघायचा आणि उरलेला वेळ छपरात बसून रेडिओवरच्या बातम्या ऐकायचा. चूल पेटवणं त्याला जमत नसे, पण कुठल्या मंत्र्याकडे कुठलं खातं आहे ते त्याला पाठ असे.

लंकाबाईची जगाकडे एकच तक्रार होती. एसटीला तिच्या फाट्यावर थांबा नव्हता. ती बाजाराहून पिठाचं गठुडं घेऊन यायची, तेव्हा गाडी तिला तिच्याच छपरासमोरून पुढं न्यायची. खिडकीतून तिला आपली चूल मागं जाताना दिसायची. मग तळेघरला उतरून, गठुडं डोक्यावर घेऊन ती तेवढीच वाट उलटी चालायची.

एका सोमवारी भीमाशंकरच्या दर्शनाला निघालेल्या एका आमदारांची गाडी घाटात तापली आणि फाट्यावर येऊन बंद पडली. ड्रायव्हर इंजिनात पाणी घालत होता तोवर आमदार छपरात बसले. लंकाबाईनं विचारल्याशिवायच भाकर वाढली. जेवण झाल्यावर ते खूश होऊन म्हणाले, "मावशी, काही काम असलं तर सांगा."

"एसटी थांबवा की हितं."

"ते परिवहन खात्याचं काम. मला तर अजून कुठलंच खातं नाही."

त्याच आठवड्यात मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि हे आमदार एकदम कॅबिनेट मंत्री झाले. मंचरला सत्कार झाला तेव्हा त्यांनी भाषणात सांगितलं की ही सगळी भीमाशंकराची कृपा आणि फाट्यावरच्या मावशीच्या भाकरीची पुण्याई. पेपरवाल्यांनी भीमाशंकर गाळला आणि भाकर तेवढी छापली.

तेव्हाचं सरकार बऱ्याच पक्षांचं आणि अपक्षांचं होतं. सगळ्यांचीच समजूत काढायची असल्यामुळे दर थोड्या दिवसांनी विस्ताराची नाहीतर फेरबदलाची हूल उठायची. हूल उठली की फाट्यावर पांढऱ्या गाड्या लागायच्या. इच्छुक मंडळी चपला बाहेर काढून छपरात शिरायची. एक जण तर पायावर पाणी घेऊन आला. दुसऱ्यानं आपल्या पक्षाध्यक्षांसाठी रुमालात भाकर बांधून नेली, पण वाटेत ती कार्यकर्त्यांनी खाल्ली आणि त्यातला एक पुढं जिल्हा परिषदेत निवडून आला.

लंकाबाईला सुरुवातीला हसू यायचं. पण हसता हसता तिचाही विश्वास बसला. ज्याला-त्याला भाकर वाढणं तिनं बंद केलं. तिला न आवडणारा एक तलाठी होता. तो जेवायला आला की ती त्याला फक्त चहा द्यायची. "ह्यो वर गेला तर आपल्याला सुखानं बसू द्यायचा न्हाई," ती सावळेरामला म्हणायची.

सावळेरामला हे काही पटत नसे. "मी लग्नापासून हीच भाकर खातोय. मला कुणी सोसायटीवर बी घेतलं न्हाई."

"तुमी जेवताना कुरकुर करता. मग भाकरीला गुण कसा यील?"

त्यानंतर सावळेराम बरेच दिवस मुकाट्यानं जेवत होता. फरक काही पडला नाही.

प्रत्येक इच्छुकाला लंकाबाई थांब्याचं सांगायची आणि प्रत्येक जण "खातं मिळू द्या, बघतो" म्हणायचा. त्यातल्या एकाला खरंच परिवहन मिळालं. त्यानं शब्द दिला, पण कागद हलायच्या आत फेरबदल झाला आणि तो मत्स्यव्यवसायाला गेला. तिथून त्यानं निरोप पाठवला की मावशींना तळ्यात माशांचं बी सोडायचं असेल तर हयगय होणार नाही. लंकाबाईकडे तळं नव्हतं.

असं चाललेलं असताना एका दुपारी दोन आमदार एकाच वेळी फाट्यावर उतरले. एक सोपानराव, अंगानं दणकट आणि घाईचे. दुसरे चष्मेवाले, हळू बोलणारे. दोघांचं नाव एकाच जागेसाठी चर्चेत होतं, म्हणून दोघंही एकमेकांकडे न बघता बसले. नेमकं पीठ संपलं होतं आणि तव्यावर शेवटची भाकर होती.

"मी आधी आलोय," सोपानराव म्हणाले.

"गाडी तुमची आधी आली. छपरात मी आधी शिरलो," चष्मेवाले म्हणाले.

कार्यकर्ते बाह्या सावरायला लागले. लंकाबाईनं भाकर मधोमध मोडली आणि अर्धी अर्धी दोन्ही थाळ्यांत टाकली. "भांडू नका. एवढ्यात भागवा," ती म्हणाली. "चालेल, चालेल," म्हणत सोपानरावांनी घाईघाईनं थाळी ओढली.

यादी जाहीर झाली तेव्हा दोघांचीही नावं तीत होती, पण दोघंही राज्यमंत्री झाले होते. पुरा मंत्री कुणीच नाही. सावळेरामनं रेडिओ बंद केला आणि बायकोकडे पहिल्यांदाच जरा भिऊन बघितलं.

पुढं दोन-चार वर्षांनी दिल्लीत कायदा झाला. आमदारांच्या संख्येच्या पंधरा टक्क्यांहून जास्त मंत्री ठेवायचे नाहीत असं ठरलं. मंत्र्यांची गर्दी कमी करावी लागली. चष्मेवाले राहिले, सोपानराव गळले. दिव्याची गाडी गेली, घरची गाडी मुलगा घेऊन गेला होता, तेव्हा सोपानराव रागारागानं एसटीत बसून लंकाबाईला जाब विचारायला निघाले.

फाटा आला तशी त्यांनी घंटीची दोरी ओढली. कंडक्टर म्हणाला, "पावणं, हितं थांबा न्हाई."

"मी माजी राज्यमंत्री आहे."

"मंग तर तळेघरलाच उतरा. तिथं चहा चांगला मिळतो."

सोपानराव तळेघरहून चालत मागं आले. नवी वहाण पायाला लागली होती. छपरात टेकल्या टेकल्या ते म्हणाले, "मावशी, तुम्ही माझा तुकडा लहान मोडला."

"भाकर काय मापानं मोडत्यात व्हय? सारखीच व्हती. तुमच्याकडची बाजू जरा करपली व्हती, एवढंच."

"म्हणजे करपलेली मला दिली."

"तुमीच म्हणला व्हता, चालंल."

सावळेराम मधे पडला. "साहेब, हिच्यावर रागावू नका. पंधरा टक्क्यांत कुणीतरी गळणारच व्हतं."

सोपानरावांना भूक लागली होती, म्हणून ते जेवले. मग परतीच्या गाडीसाठी रस्त्याच्या कडेला उभे राहिले. गाडी दिसताच त्यांनी हात वर केला. इतकी वर्षं लोकांकडे बघून हात करायची त्यांना सवय, आणि ड्रायव्हरलाही त्यांचा चेहरा ओळखीचा. त्यानं हसून हात केला आणि गाडी पुढं नेली. पुढच्या गाडीला सोपानरावांनी कळवळून दोन्ही हात जोडले. त्या ड्रायव्हरनंही नमस्कार केला आणि गेला.

शेवटी लंकाबाई काठवट घेऊन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठं एक गाडी थांबली.

मंत्री असताना सोपानरावांना एक फोन करायला सवड झाली नव्हती. आता सवडच सवड होती. ते रोज सकाळी डेपोत जाऊन बसायला लागले. तिथल्या साहेबांना ते आपल्या कारकिर्दीतल्या आठवणी सांगायचे, आणि आठवणी लांब होत्या. आठवडाभरात साहेबांनी विनंती थांबा मंजूर केला. फाट्यावर पिवळी पाटी लागली आणि लंकाबाई पिठाचं गठुडं घेऊन आपल्या चुलीसमोर उतरली. त्या दिवशी तिनं गाडीतल्या सगळ्यांना फुकट चहा पाजला, त्यामुळे गाडी बराच वेळ हलेना.

सोपानरावांना पुढं तिकीट मिळालं नाही, पण लंकाबाईच्या घरी त्यांचं येणंजाणं सुरू झालं. मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला ते स्वतः वाडीत उतरले. मंचरच्या कार्यालयात लंकाबाई आणि सावळेराम पुढच्या रांगेत बसले होते. शेजारच्या खुर्चीवर एक नवे राज्यमंत्री होते. ते वाकून हळूच म्हणाले, "मावशी, परवा फेरबदल होतोय म्हणतात. काय करावं?"

"आज मी पावणी हाय," लंकाबाई म्हणाली. "तुमी तेवढं वाढप्याला हाक मारा. ह्यांना जिलेबी पायजे."

राज्यमंत्री उठले आणि वाढप्याला शोधायला गेले.