अण्णांची सकाळची साखर

गेल्या आठवड्यात मी माझ्या सासऱ्यांवर पाळत ठेवली होती... हो, चक्क पाळत!

झालं असं, की अण्णांना डायबेटिस. शुगर आम्ही घरीच मशीनवर बघतो. रात्री झोपताना बरी असायची आणि सकाळी उपाशीपोटी चढलेली. रात्रभर माणूस काही खात नाही, मग साखर येते कुठून?

मी मुळातच संशयी. भाजीवाल्याच्या काट्यावरही माझा विश्वास नसतो. लगेच गुळाचा डबा माळ्यावर गेला, लाडू वॉशिंग मशीनमध्ये लपवले. यंत्रमागांच्या खडखडाटातली, निजामपुऱ्यातली आमची गल्ली, शेजारून काही ना काही गोडाची वाटी येतेच... म्हणून समोरच्या शबानाभाभींनाही गाठलं. "अल्ला कसम, चाचा को तो मैं फीकी चाय देती हूँ," त्या म्हणाल्या. मला तेही खरं वाटेना.

शेवटी अण्णांना तोंडावरच विचारलं. त्या दिवसापासून त्यांनी "भूक नाही" म्हणत रात्रीचं जेवणच सोडलं. गोळी मात्र चालू. तरी सकाळी शुगर वरच! मग तर माझी खात्रीच पटली, हे बाहेर कुठेतरी खाऊन येतात...

परवा त्यांना डॉक्टरांकडे नेलं आणि सगळी तक्रार ओकून टाकली. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, रात्रपाळीला लूम चालतात ना, तसं लिव्हरही रात्री ड्युटीवर असतं."

जेवलो की ते साखर साठवतं आणि पोट रिकामं असलं की रक्तात थोडी थोडी सोडतं. पहाटे जरा जास्तच. इन्शुलिन त्याला आवरतं, पण डायबेटिसमध्ये हा लगाम सैल पडतो. "गोळी बदलून देतो. ते चोरून काही खात नाहीयेत. पण गोळी घेऊन उपाशी झोपले आणि शुगर एकदम खाली गेली, तर जिवावर बेतेल."

अण्णा खिडकीकडे बघत हळूच म्हणाले, "घास उचलला की वाटायचं, हिचं लक्ष आहे."

मला फार लाज वाटली. घरी आल्यावर त्यांची माफी मागितली. "राहू दे गं, जेवायला वाढ," एवढंच म्हणाले.

वेळेवर कान उपटणाऱ्या त्या डॉक्टरांचे आभार मानावे तेवढे थोडे... त्या रात्री मी अण्णांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या ताटावर डोळा न ठेवता जेवले.