विमानाची दृष्ट

लढाऊ विमान जोरात वळलं की त्याच्या पंखांवर पांढरी वाफ उमटते. धूर नव्हे, वाफ. पंखावरची हवा एकदम विरळ आणि गार होते. तिच्यात ओल असेल तर बारीक थेंब तयार होतात आणि ढगाचा एक तुकडा क्षणभर पंखाला चिकटून नाहीसा होतो. हे मी आमच्या वर्तकनगरच्या घरात इतक्यांदा समजावलंय की भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही पाठ असेल.

मी संगणकावर लढाऊ विमानं उडवतो. याला खेळ म्हटलं की आमच्या मंडळातली माणसं चिडतात, आणि मंडळ जगभर पसरलेलं असल्यामुळे चिडणारेही भरपूर आहेत. इथला प्रत्येक हौशी माणूस फावल्या वेळात त्या विमानांत काहीतरी खरेपणा आणतो. कोणी धावपट्टीवरचे तेलाचे डाग रंगवतो, कोणी चाकांचा आवाज शोधतो. मी दोन वर्षं पंखांवरची वाफ करत होतो. मंडळाच्या प्रमुखाने पसंत केली की ती सगळ्यांच्या विमानांना लागणार होती. मला ते हवं होतं, लाज वाटावी इतकं हवं होतं. ऑफिसात मी विम्याचे दावे तपासतो. तिथे माझ्या कामाकडे कोणाचं लक्ष जातं ते फक्त चूक झाल्यावर.

"दोन वर्षं वाफ करतोयस," बायको म्हणायची, "एक इडली नाही झाली अजून."

त्यात सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी शहाडहून आमच्याकडे राहायला आल्या. संगणक हॉलमध्ये, सासूबाईही हॉलमध्ये. जावयाशी थेट बोलायचं नाही हा त्यांच्या घरचा जुना रिवाज. मी समोर बसलेला असलो तरी त्या लेकीमार्फतच बोलतात, आणि लेक स्वयंपाकघरात असेल तर तिथवर पोचेल एवढ्या आवाजात.

"त्यांना सांग गं, विमान पेटलंय."

"आई, ती वाफ आहे," बायको आतून ओरडली.

"वाफ असती तर वर गेली असती. ही मागं चाललीय. आत कोण बसलंय विचार."

"मीच," मी भिंतीकडे बघत म्हणालो, कारण उत्तरही थेट द्यायचं नसतं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यानंतर मी वळण घेतलं की मागून "अगं बाई" असा हलका आवाज यायचा आणि माझा हात आपोआप ढिला पडायचा. लढाईत दुसऱ्यांदा जमिनीवर आपटलो तेव्हा त्यांनी निदान केलं. दृष्ट लागलीय. एवढा हुशार माणूस, सरळ विमान उडवायला बसतो आणि दरवेळी धूर निघतो, याचा दुसरा अर्थ काय?

परीक्षेचा रविवार आला. दुपारी मंडळाचा प्रमुख त्याच्या देशातून माझं उड्डाण पाहणार होता. जेवणं झाल्यावर सासूबाई मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन उभ्या राहिल्या. "त्यांना सांग, हलू नका म्हणावं."

आधी मॉनिटरवरून, मग जॉयस्टिकवरून, शेवटी माझ्यावरून. आल्यागेल्याची, शेजारपाजारची, विमान बघणाऱ्याची, असं पुटपुटत त्यांनी ओवाळलं. मोहरीचा एक दाणा चाकं खाली घ्यायच्या बटणाखाली गेला, तो आजतागायत तिथेच आहे. मग सगळं तापल्या तव्यावर टाकलं. मिरच्या काळ्या पडल्या, पण घरात कोणाला ठसका लागला नाही. दृष्ट जबर असली की ठसका लागत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

"बघ, केवढी लागलेली," सासूबाई म्हणाल्या.

प्रमुखाचा आवाज कानात आला. त्याने हवामान आणि जागा स्वतः निवडून दिली होती. मी विमान वर घेतलं, वेग धरला आणि दांडा खेचला. पंख कोरडे. पुन्हा खेचला. काही नाही. खाली सगळं पिवळं दिसत होतं, पण माझं लक्ष फक्त पंखांवर. मी विमान इतकं पिळलं की खऱ्या वैमानिकाची शुद्ध हरपली असती. वाफेचा टिपूस नाही. शिक्षणाने मी इंजिनिअर आहे, पण खरं सांगतो, त्या क्षणी मला मिरच्यांचा संशय आला. दोन वर्षांचं काम तव्यावर जळालं असं वाटून मी रडायच्या बेतात होतो.

"थांब," प्रमुख म्हणाला. "समुद्रावरची तुझी वाफ मी आधीच बघितलीय. आज मुद्दाम वाळवंट दिलं. इथली हवा ठणठणीत कोरडी. बाकी ज्यांनी ज्यांनी वाफ करून पाठवली, त्या सगळ्यांच्या पंखांवर ती इथेही निघाली. तुझ्याच तेवढी निघाली नाही. घेतली."

मी हेडफोन काढून ठेवला. काहीच न दाखवता मी जिंकलो होतो. आनंद इतका झाला की कोणाला सांगावा ते सुचेना, आणि मागे वळलो तर सासूबाई. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्या पडदा बघत होत्या.

"आता कसं स्वच्छ उडतंय तुमचं विमान," त्या म्हणाल्या. मला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा थेट मला.

वाळवंट, ओल, दाब, सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. बायको दारात हसू दाबत उभी होती.

"तुमच्यामुळे," मी म्हणालो.

आता जगभर लोक माझी वाफ लावून समुद्रावर गरागरा वळतात. सासूबाई अधूनमधून शहाडहून येतात, चहा झाला की माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, "आज कुठं जायचं?"

मी वाळवंट निवडतो.