मालतीकाकूंच्या मानपत्रातला एक शब्द

गेल्या रविवारी आमच्या मंडळात मालतीकाकूंचा सत्कार झाला. मानपत्र लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात... कारण शाळेत मला एकदा मराठी निबंधाचं बक्षीस मिळालं होतं आणि ग्वाल्हेरची मराठी मंडळी असलं काही विसरत नाहीत.

दिवसभर ऑफिसात हिंदीत नोटशीट लिहायच्या आणि थाटीपुरला घरी येऊन मराठीत कुणाचं तरी कर्तृत्व सजवत बसायचं. मजाच आहे.

काकू हरिशंकरपुरमला राहतात. नवरा गेला तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. तेव्हापासून पुरणपोळ्या, चकल्या, करंज्या ऑर्डरप्रमाणे करून देतात. आमच्याकडची लग्नं-मुंजी त्यांच्या हातच्या पदार्थांशिवाय होतच नाहीत.

मी साधंच लिहिलं होतं, दहा ओळी. आमचे सेक्रेटरी काका म्हणाले, "हे तर एकदम फीकं आहे. मानपत्र आहे बेटा, थोडं वजनदार लिही ना."

मग सुरू झालं. "पोळ्या केल्या" नको, "पाककलेची उपासना केली" हवं. "कष्ट" नको, "खडतर तपश्चर्या" हवी. मी काढायचं, त्यांनी परत घालायचं... व्हॉट्सअ‍ॅपवर सात वेळा! एकदा तर काकूंना "अन्नपूर्णेचा साक्षात अवतार" करून टाकलं. अहो, त्या बाई समोर बसून हे ऐकणार आहेत! चकली छान झाली म्हटलं तरी लाजतात त्या.

शेवटी तडजोड झाली. अवतार गेला, तपश्चर्या राहिली.

काकांचं आणखी एक म्हणणं होतं, आधी दुःख नीट दिसलं पाहिजे, मगच टाळ्या पडतात. आणि आता कबूलच करते... हे मलाही पटलं. "पतीच्या निधनानंतर" याच्यापुढे "निराधार अवस्थेत" हे शब्द मी स्वतः घातले. कुणी सांगितलं नव्हतं. वाक्य कसं एकदम भरल्यासारखं वाटलं. काका खूश, मीही खूश. शुक्रवारी मानपत्र छापून, फ्रेम होऊन मंडळात आलं.

शनिवारी दुपारी काकूंकडे गेले. नावं-बिवं बरोबर आहेत ना, एवढंच बघायचं होतं. मोबाइलवरच्या फोटोवरून वाचायला लागले आणि काकूंनी मधेच थांबवलं.

"परत वाच ते."

मी वाचलं.

"निराधार कशी गं मी? वन्सं होत्या ना."

वन्सं म्हणजे काकूंच्या नणंद, शरयूआत्या. शाळेत शिक्षिका होत्या, लग्न केलं नाही, भाऊ गेल्यापासून काकूंच्याच घरी राहतात. मी त्यांना ओळखते ती कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसलेली आत्या म्हणून, बस.

काकू सांगत गेल्या आणि मी ऐकत राहिले. पहाटे पुरणाची डाळ शरयूआत्या शिजत लावायच्या, मग शाळेत जायच्या. संध्याकाळी सायकलवरून ऑर्डरी पोचवायच्या. मुलाच्या शाळेतल्या प्रत्येक कागदावर पालक म्हणून सही त्यांची. इतकी वर्षं मी त्या घरी जातेय, पण हे कधी विचारलंच नव्हतं.

"उद्या त्या पहिल्या रांगेत बसणार," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही माइकवर सांगणार की मला कोणी नव्हतं? ऐसा नहीं चलेगा बेटा. हा शब्द राहिला तर मी तर नाही येणार." आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

बाहेर येऊन काकांना फोन लावला. तर म्हणाले, "अब क्या होगा, फ्रेम झाली ना! आणि एका शब्दाने काय बिघडतं?"

माझं डोकंच फिरलं. आठ दिवस एकेका शब्दासाठी या माणसाने माझा जीव खाल्ला... "कष्ट" चालत नव्हता यांना! आणि आता म्हणे एका शब्दाने काय बिघडतं.

पण खरा राग माझा मलाच आला होता. काकांचे शब्द नुसते फुगलेले होते, लोक फार तर हसले असते. माझा शब्द खोटा होता. आणि वाचायला किती छान वाटत होता तो...

रविवारी सकाळी मंडळातून फ्रेम उचलली आणि जयेंद्रगंजला छपाईचं दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. नवीन प्रिंट काढली, फ्रेम उघडून घेतली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पहले वाले में स्पेलिंग गलत थी क्या?" म्हटलं, नहीं भैया, स्पेलिंग एकदम सही थी. जाता जाता तपश्चर्याही उडवली, कुणाला न विचारता.

नवीन वाक्य एवढंच: "पतीच्या निधनानंतर नणंद शरयूताईंच्या साथीने त्यांनी हे काम सुरू केलं आणि दोघींनी मिळून घर उभं केलं." काका बघून म्हणाले, फीकं झालं.

संध्याकाळी वाचताना त्या वाक्यावर एकही टाळी पडली नाही. शरयूआत्यांना तर ते आपल्याबद्दल आहे हे कळलंच नसावं, कारण शेजारच्या बाईंनी ढोसल्यावर त्या दचकल्या. आणि स्टेजवर काकू मानपत्र घ्यायला हातच पुढे करेनात. "वन्सं, वर या," एवढंच म्हणत राहिल्या. आत्या मान हलवून नाही नाही म्हणत होत्या... पण काकू हटेनात. शेवटी त्या वर गेल्या आणि दोघींनी एकेका बाजूने फ्रेम धरली.

तेव्हा मात्र सगळा हॉल उभा राहिला. मला टाळ्या वाजवायचंही सुचेना. एक छानसा शब्द हवा म्हणून मी त्या दोघींतल्या एकीला पुसून टाकणार होते... काकू, तुम्ही अडून बसलात. फार उपकार झाले माझ्यावर.